लेकराचं दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलंय? आधी एवढं करा

लातूरला लेकरांच्या वॉर्डात मी सिस्टर आहे. ‘दुर्बिणीचंच आहे ना सिस्टर, मग किरकोळच,’ असं कुणी म्हणालं की मी त्यांना खाली बसवून सांगते. छिद्रं तीन ते पाच मिलिमीटरची, बेंबीपाशी एक नि आजूबाजूला एकदोन, हे खरं. पण भूल पूर्ण द्यावी लागते. अपेंडिक्स छोट्या छिद्रातून काढलं तरी आतलं काम तेवढंच असतं.

म्हणून उपाशी ठेवायचं सांगितलं की अगदी काटेकोर पाळा. भुलेत पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. साधारण हिशेब असा: हलकं खाणं आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. भूलतज्ज्ञांनी वेगळी वेळ दिली तर तीच धरा. औशाकडच्या एका आजीनं पहाटे नातू रडतोय म्हणून चहात बुडवून दोन बिस्किटं चारली आणि भीतीनं कुणाला बोलली नाही. आत नेताना मी लेकरालाच विचारलं, ‘काय खाल्लंस रे बाळा?’ तेव्हा कळलं. ऑपरेशन पुढं ढकलावं लागलं. आजीला मी रागावले नाही. भुकेलं लेकरू कुणाला बघवतं? तेव्हापासून आईबापाबरोबर आजीलाही समोर बसवून समजावते. चुकून काही दिलं गेलंच तर लगेच सांगा. सर्दी, खोकला, तापही लपवू नका.

शिधापत्रिका, आधार बरोबर घ्या. महात्मा फुले ही सरकारी मोफत उपचारांची योजना; तिचं आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनीसाला, आधीच विचारा.

संमतीच्या कागदावर ‘गरज पडल्यास पोट उघडून’ असं वाचलं की बापाचा हात थबकतो. अपेंडिक्स फुटलेलं असलं, आतडी चिकटलेली असली, तर कधी मोठा छेद घ्यावा लागतो. तो लेकराच्या भल्यासाठीच असतो. शंका सहीच्या आधी विचारा.

नंतर लेकरू ‘खांदा दुखतो’ म्हणालं तर घाबरू नका. आत नीट दिसावं म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्यानं छातीखालचा पडदा दुखावतो नि कळ खांद्यात उठते. एकदोन दिवसांत थांबते. डॉक्टरांनी सांगितलं की बोट धरून चालवा. जखमेवर हळद, तेल काही नको.

ताप, हिरवी उलटी, फुगलेलं पोट, जखमेतून पू, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता निघा. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. रात्री गावच्या डॉक्टरांना दाखवायला तोच लागतो.