चित्राची ऑर्डर: उशीर झाला आणि पैसे अडकले तर

लग्नपत्रिकेसाठी कॅरिकेचर, म्हणजे गमतीदार व्यक्तिचित्र, ठाण्यात घोडबंदर रोडवर घरी बसून इन्स्टाग्रामवर ठरवता येतं. घोडं अडतं ते तारखेवर. म्हणून ॲडव्हान्स पाठवण्याआधीच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: कच्चं स्केच कधी, रंगीत फाइल कधी, बदल किती वेळा, काम रद्द झालं तर किती पैसे परत. "पुढच्या आठवड्यात देते" हे काही खरं नाही. तारीखच घ्या, तीही छपाईवाल्याच्या तारखेच्या आठ-दहा दिवस आधीची.

सगळी रक्कम एकदम देऊ नका. थोडी आधी, थोडी स्केच पसंत पडल्यावर, उरलेली फाइल हातात आल्यावर. झालेल्या स्केचचे पैसे मात्र परत मागू नयेत; मेहनत झालेली असते.

उशीर झाला की रोज "झालं का?" विचारून दोघांचंही डोकं उठतं. एकच मेसेज टाका: "ताई, स्केच १२ तारखेला येणार होतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आलं नाही, तर ऑर्डर रद्द समजून ॲडव्हान्स परत पाठवा."

परदेशी कलाकाराला पेपॅलने पैसे दिले असतील, तर १८० दिवसांत तिथेच तक्रार नोंदवा. यूपीआयला अशी सोय नाही. इथल्या कलाकाराने फोन उचलणंच बंद केलं, तर चॅट आणि व्यवहार क्रमांक जपून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. त्याने भागलं नाही, तर कलाकार कोलकात्याचा असला तरी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रार करायची मुदत २ वर्षं. हजार रुपयांसाठी मी तरी तिथवर जाणार नाही.