डोलोमाइट्सच्या दरीत चालायला आणि जेवायला जाताना या चुका टाळा

उत्तर इटलीतल्या साउथ टिरोल प्रांतात व्हाल गार्डेना नावाची दरी आहे. ओर्तिझेई, सांता क्रिस्तिना आणि सेल्वा ही तिच्यातली तीन गावे, आणि त्यांच्याभोवती डोलोमाइट्सचे फिकट करडे, मावळतीला गुलाबी होणारे कडे. २००९ पासून हा डोंगरसमूह युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या मंडळींना बरोबर घेऊन मी पाच उन्हाळे या दरीत घालवले आहेत, आणि आता निघण्याआधीच्या बैठकीतच कोण कोणती चूक करणार हे मला बरेचसे कळते. सकाळी चालायला लागावे, दुपारी रिफुजोत, म्हणजे डोंगरातल्या पर्वतनिवासात, गरम जेवावे आणि संध्याकाळी गावात परतावे, इतका साधा हा बेत असतो. तो फसतो तो बहुधा घड्याळामुळे. इथले ढग, इथला रोपवे आणि इथली स्वयंपाकघरे आपापल्या वेळेने चालतात, आणि पाहुण्यांसाठी त्यांपैकी कोणीच थांबत नाही.

उशिरा निघणे

ही पहिली चूक, आणि माझ्या मते बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटातून जन्मतात. हॉटेलात नाश्ता आणि रात्रीचे जेवण धरून पैसे भरलेले असतात. नाश्त्याच्या टेबलावर पाच प्रकारचे पाव, चीज, फळे, केक मांडलेले असतात, आणि ‘पैसे दिलेच आहेत तर’ या विचाराने मंडळी साडेनऊपर्यंत बसून राहतात. बाहेर आकाश निळेभोर असते, त्यामुळे घाई करण्याचे कारणही कोणाला दिसत नाही.

कारण दुपारी दिसते. सकाळभर उन्हाने कडे आणि कुरणे तापतात, दरीतली दमट हवा वर चढू लागते, बाराच्या सुमारास शिखरांवर कापसासारखे ढग धरतात आणि दोन-तीननंतर त्यांतूनच गडगडाटी पाऊस कोसळू शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये हे इतक्या वेळा घडते की तिथला शेतकरी आपले वाळलेले गवत दुपारपूर्वी आत घेण्याची धडपड करतो. आपल्याकडचा मृगाचा पाऊस पाहिलेल्या माणसाला त्यात नवल वाटत नाही. फरक एवढाच की आपण तेव्हा घरात असतो आणि इथे अडीच हजार मीटरवरच्या उघड्या पठारावर.

एका वर्षी आम्ही आठ जण होतो. बेत पुएझच्या पठाराचा होता. सेल्वाहून दांतेर्चेपिएसच्या गोंडोलाने, म्हणजे रोपवेच्या बंद पाळण्याने, वर जायचे, तिथून चिर खिंड, मग २,५२८ मीटरवरची क्रेस्पेइना खिंड, तळ्याच्या कडेने पठार ओलांडून २,४७५ मीटरवरचे पुएझचे रिफुजो, तिथे जेवण, आणि व्हालुंगाच्या लांबच लांब दरीतून पुन्हा सेल्वा. ही वाट मला पाठ होती. साडेआठला निघायचे ठरले होते, आणि निघालो साडेदहाला, कारण दोघांना दुकानातून टोपी घ्यायची होती आणि दोघांचा नाश्ता चालला होता. नेतृत्व माझ्याकडे होते. त्या क्षणी मी छोटा बेत सुचवायला हवा होता, तो सुचवला नाही.

क्रेस्पेइना खिंडीत पोहोचेपर्यंत सव्वा वाजला. फोटो काढण्यात आणखी वीस मिनिटे गेली. तळ्याजवळ उतरलो तेव्हा पहिला गडगडाट ऐकू आला, आणि त्यानंतर दहा मिनिटांत गारा सुरू झाल्या. पठारावर एक झाड नाही, आडोसा नाही. कडेपासून आणि एकट्या उभ्या खडकांपासून दूर, एका खोलगट जागी सगळ्यांना एकमेकांपासून अंतर ठेवून बसवले. चालण्याच्या काठ्या बाजूला टाकायला लावल्या. पाठीवरची सॅक खाली घेऊन, तिच्यावर दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसायचे, हात जमिनीला टेकवायचे नाहीत. पंचवीस मिनिटे आम्ही तसे बसलो. एक साठीच्या बाई माझ्यापासून दहा पावलांवर होत्या आणि त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. त्या रामरक्षा म्हणत होत्या. समोरच्या कड्यावर वीज पडली तेव्हा प्रकाश आणि आवाज यांच्यात मोजायला जागाच उरली नव्हती.

कोणाला काही झाले नाही. पण रिफुजोत पोहोचलो तेव्हा त्या बाई इतक्या कापत होत्या की त्यांना बुटांच्या नाड्या सोडता येईनात. गरम स्वयंपाक केव्हाच बंद झाला होता. तिथल्या बाईंनी उरलेले सूप गरम करून दिले, स्वतःची लोकरी शाल काढून दिली आणि आम्हाला एक शब्दही सुनावला नाही. व्हालुंगाकडचा उतार त्या दिवशी ओल्या घसाऱ्याचा झाला होता. गावात पोहोचायला रात्रीचे आठ वाजले, आणि सातला वाढले जाणारे जेवणही गेले.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. सॅक आदल्या रात्री भरून दाराशी ठेवायची, नाश्ता उघडण्याच्या वेळी आपण दारात उभे असायचे, सकाळच्या पहिल्या फेऱ्यांपैकीच एक गोंडोला पकडायचा, आणि दिवसातली सर्वांत उंच खिंड बाराच्या आत मागे टाकायची. दोन वाजता आपण छपराखाली किंवा उतरणीला असले पाहिजे. निघायला दीड तासापेक्षा जास्त उशीर झाला तर मोठा बेत रद्द करून कुरणातली सपाट वाट धरायची, आणि त्यावर चर्चा करायची नाही. यावर नाराज होणाऱ्यांची नाराजी मी सोसतो.

सिंहगडाच्या हिशेबाने वेळ मोजणे

आपल्याकडे चार किल्ले भराभर चढलेला तरुण पाटीवरचे ‘३ तास’ पाहून ‘आपल्याला दोन पुरे’ म्हणतो. त्याने दोन गोष्टी लक्षात घेतलेल्या नसतात. एक म्हणजे सेल्वा हे गावच १,५६३ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम ८३ मीटर खाली. आपला डोंगर जिथे संपतो तिथून इथला सुरू होतो, आणि त्या उंचीवर दम लवकर लागतो. दुसरे म्हणजे पाटीवरची वेळ निव्वळ चालण्याची असते. पाणी पिणे, फोटो, जेवण यांतले काहीही तिच्यात धरलेले नसते.

आल्प्समधली रूढ आकडेमोड मी आदल्या रात्री कागदावर करतो. तासाला ३०० मीटर चढाई, ५०० मीटर उतराई आणि ४ किलोमीटर अंतर धरायचे. उंचीचा वेळ आणि अंतराचा वेळ वेगवेगळा काढायचा, जो मोठा असेल तो पूर्ण घ्यायचा आणि लहान असेल त्याचा निम्मा त्यात मिळवायचा. समजा ८ किलोमीटरची वाट आहे आणि चढ ६०० मीटरचा आहे, तर दोन्ही वेळा दोन-दोन तासांच्या निघतात आणि हिशेब तीन तासांचा होतो. त्यात आमच्या गटासाठी मी आणखी एक तास घालतो. परतीच्या शेवटच्या गोंडोलाची वेळ खालच्या स्थानकावरच वाचून घ्यावी, कारण तो पाच-साडेपाचला बंद झाला की हजार मीटरची उतराई गुडघ्यांवर येते.

वाटेच्या क्रमांकाबरोबर तिची श्रेणीही पाहावी. इटालियन पद्धतीत ‘टी’ म्हणजे सहज फिरण्याची वाट, ‘ई’ म्हणजे नेहमीची डोंगरवाट, ‘ईई’ म्हणजे अनुभवी लोकांची, आणि ‘ईईए’ लिहिलेली वाट लोखंडी तारांची असते, तिच्यासाठी हार्नेस आणि हेल्मेट लागते. पहिल्याच वर्षी ‘ईई’ करायला निघालेल्या कोणालाही मी बरोबर नेत नाही. उंचीची भीती आपल्याला आहे की नाही हे तिथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही, आणि ते कळण्याची ती जागा नव्हे.

‘पालक दिसला, म्हणजे शाकाहारी’ असे धरून चालणे

या दरीचे जेवण तीन भाषांचे आहे. घरात लाडिन, रस्त्यावर जर्मन आणि इटालियन. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाकडे होता, म्हणून मेनूच्या एकाच कागदावर पास्ताही असतो आणि टिरोली पदार्थही. त्यांतला सर्वांत घरगुती पदार्थ म्हणजे कानेदेर्ली, जर्मनमध्ये क्नोडल. शिळ्या पावाचे तुकडे दुधा-अंड्यात भिजवून, त्यात पालक, चीज किंवा श्पेक घालून वळलेले आणि उकडलेले गोळे. श्पेक म्हणजे धुरी दिलेले डुकराचे मांस, आणि तो इथे आपल्या खोबऱ्या-कोथिंबिरीसारखा कशातही पडतो.

आमच्या गटातल्या एका शाकाहारी काकूंनी पालकाचे कानेदेर्ली मागवले. हिरवेगार गोळे, वर चिरलेला कांद्याचा पाला, खाली स्वच्छ सोनेरी रस्सा. त्यांनी अर्धी वाटी संपवली आणि मला म्हणाल्या, “अहो, या पाण्याला चव फार छान आहे, कशाचे आहे हो?” ते गोमांसाचे होते. त्या पुढे दोन दिवस पाव आणि सफरचंदांवर राहिल्या, आणि त्यांचा तो चेहरा मला अजून आठवतो. मागवताना मी शेजारच्या टेबलावर होतो, हे मला आजही लागते.

कागदावर ‘इन ब्रोदो’ लिहिले असेल तर पदार्थ मांसाच्या रश्शात येतो, गोळ्यात पालक असो वा चीज. ‘अल बुर्रो’ लिहिले असेल तर तोच गोळा वितळलेले लोणी आणि चीज घालून येतो. शाकाहारी माणसाने दुसरा मागवावा. सातूच्या सुपातही धुरी दिलेले मांस सहसा असते. ‘वेजेतारियानो’ एवढे सांगून भागत नाही. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा ब्रोदो दी कार्ने’, म्हणजे मांस नको आणि मांसाचा रस्साही नको, हे वाक्य मी प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहून देतो. अंडे न खाणाऱ्याने तेही वेगळे सांगावे, कारण तिथे अंडे शाकाहारात धरतात. पार्मेजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजवतात, हेही ज्यांना चालत नाही त्यांना आधी माहीत असलेले बरे.

एवढे सांभाळले की शाकाहारी माणूस इथे फार चांगले जेवतो. पालक आणि रिकोटाचे सारण भरलेल्या अर्धचंद्राकृती काजिंची, अळंबी आणि वितळलेल्या चीजबरोबरचा मक्याचा पोलेंता, बीट भरून वर खसखस पेरलेले कासुन्झिएई. कानेदेर्ली सुरीने कापू नयेत, काट्यानेच फोडावेत. सुरी लागली म्हणजे गोळा कडक झाला, असा त्याचा अर्थ होतो आणि तो रांधणाऱ्याला लागतो. श्युटेलब्रोट नावाची राईची कडक, चपटी भाकरी मिळाली तर तोडून आधी नाकाशी न्यावी. तिच्यात मेथीच्याच कुळातली निळ्या फुलांची एक वनस्पती वाळवून घालतात, आणि त्या वासाने क्षणभर घरचा मेथीचा डबा उघडल्यासारखे होते. ती आठवडाभर टिकते, मोडली तरी बिघडत नाही, आणि सॅकमध्ये माझ्याकडे नेहमी असते.

जेवणाच्या वेळा गृहीत धरणे

गरम जेवण साधारण बारा ते दोन मिळते. नंतर केक, सूप, चीजची पाटी, एवढेच. रिफुजोत मुक्काम असेल तर रात्रीचे जेवण ठरल्या वेळी, सगळ्यांना एकदम वाढतात. तिथले सामान मालवाहू रोपवेने किंवा हेलिकॉप्टरने येते, त्यामुळे मेनू लहान का आणि पाण्याची बाटली महाग का, हे विचारू नये. त्यांच्या टेबलावर बसून आपला डबा उघडणे हे मला असभ्यपणाचे वाटते. डबा बाहेर गवतावर खावा.

चढ बाकी असताना कायझरश्मार्न मागवू नये. अंड्याच्या जाड धिरड्याचे तव्यातच तुकडे करून, वर पिठीसाखर आणि रानबेरींचा मुरंबा घालून ते देतात. तो पदार्थ दोघांत एक, आणि उतरणीच्या आधी.

बॅगेत स्वयंपाकघर नेणे

खाकरा, चटणी, शेंगदाण्याची वडी न्यावी. तूप, खवा, पनीर नेऊ नये, कारण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत. हॉटेलच्या खोलीत भात शिजवणाऱ्यांविषयी माझे मत कठोर आहे. इतक्या लांब येऊन त्या दरीचे जेवण टाळायचे असेल, तर ती जागा दुसऱ्या कोणाला द्यावी.

आणखी काही

पाणी गावातल्या नळावरच भरून घ्यावे, माणशी दोन लिटर. डोलोमाइटचा खडक भेगाळ असतो, पाऊस त्यात मुरून खाली जातो, आणि वरच्या पठारांवर तासन्‌तास झरा लागत नाही.

नवे बूट विमानतळावर घालू नयेत. महिनाभर आधी घालावेत.

गावांना तीन नावे असतात. ओर्तिझेई हेच जर्मनमध्ये सांक्ट उलरिश आणि लाडिनमध्ये उर्तिजेई. तिन्ही लिहून ठेवली नाहीत तर बस समोरून निघून जाते.

मोबाइलवर सगळी भिस्त ठेवू नये. ताबाको कंपनीचा १:२५,००० प्रमाणाचा ५ क्रमांकाचा नकाशा गटात किमान दोघांकडे असावा, आणि तो त्यांना वाचता यावा.

१५ ऑगस्टच्या आसपास सगळा इटली सुट्टीवर असतो. मी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा निवडतो.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा विमा लागतोच, पण डोंगरातल्या सुटकेचा खर्च त्यात आहे का आणि कोणत्या उंचीपर्यंत, हे कलम स्वतः वाचावे. संकटात ११२ लावावा. फोन लागत नसेल तर शिट्टी किंवा विजेरीने मिनिटाला सहा इशारे, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. हेलिकॉप्टर दिसल्यावर मदत हवी असेल तर दोन्ही हात वर तिरपे पसरून उभे राहावे, नको असेल तर एक हात वर आणि एक खाली. आनंदाने दोन्ही हात हलवू नयेत. वैमानिक त्याचा अर्थ मदत हवी असाच घेऊ शकतो.