लोनची फाईल सिस्टिमने अडवली तर क्रेडिट ऑफिसरला कारण कसं दाखवायचं

लोन प्रोसेसिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठी लिहितोय. रूल इंजिनने (बँकेचे नियम आपोआप तपासणाऱ्या भागाने) फाईल अडवली की बऱ्याच ठिकाणी ऑफिसरला लाल पट्टीवर 'पॉलिसी फेल' एवढंच दिसतं, मग तो एकतर सरळ रिजेक्ट करतो नाहीतर आयटीला फोन लावतो, आणि अर्जदार बिचारा ताटकळत बसतो.

म्हणून प्रत्येक कारणाच्या ओळीत चार गोष्टी हव्यातच: नियम कोणता, अर्जातला आकडा किती, मर्यादा किती आणि तो आकडा आला कुठून. समजा हातात येणारा पगार ४२,०००, चालू हप्ते १३,५०० आणि नवा हप्ता ९,५००. एफओआयआर (सगळे हप्ते मिळून पगाराचे किती टक्के होतात ते) झाला ५४.८ टक्के, बँकेची मर्यादा ५०. आता त्या १३,५०० वर क्लिक केल्यावर सिबिल रिपोर्टमधले हप्ते सुटे दिसले पाहिजेत, कारण त्यातलं ३,५०० चं बाईक लोन कधीच फिटलेलं असू शकतं, फक्त रिपोर्टमध्ये अजून अपडेट झालेलं नसतं. ऑफिसर एनओसी (कर्ज फिटल्याचं पत्र) बघतो, तो हप्ता काढतो, एफओआयआर ४६.४ वर येतो आणि फाईल पुढे सरकते. नुसता ५४.८ दाखवला असता तर हे त्याला कळलंच नसतं!

सिबिल स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो पण ज्याने कधी कर्जच घेतलं नाही त्याचा उणे १ येतो, आणि नियम '७०० पेक्षा कमी' असा लिहिला असेल तर स्क्रीन बिनधास्त 'स्कोअर कमी' सांगते. हे चूक आहे, अन्यायही आहे. तिथे 'क्रेडिट हिस्टरी नाही' असंच लिहा.

मशीन लर्निंग मॉडेल वापरत असाल तर त्याची कारणं नियमांच्या यादीत मिसळू नका, वेगळ्या चौकटीत ठेवा. शॅपचे (कोणत्या गोष्टीने मॉडेलचा निकाल किती हलवला ते मोजणारी पद्धत) दशांश आकडे ऑफिसरच्या काही कामाचे नाहीत, 'गेल्या सहा महिन्यांत बरेच चेक बाउन्स, त्यामुळे स्कोअर खाली' असं साधं वाक्य द्या, तीन-चार कारणं पुरे.

निकाल लागला त्याच क्षणी आकडे, मर्यादा आणि नियमाचं व्हर्जन सेव्ह करून ठेवा, नंतर परत कॅल्क्युलेट करू नका, कारण मर्यादा उद्या ५५ झाली की जुन्या फाईलवर भलतंच कारण दिसेल आणि ऑडिटला उत्तर देता येणार नाही.

आणि हो, आरबीआयच्या फेअर प्रॅक्टिसेस कोडप्रमाणे अर्ज नाकारला तर बँकेने मुख्य कारण लेखी कळवायचं असतं, त्या पत्रात कारण इथूनच उचला, ऑफिसरला परत टाईप करायला लावू नका.