गुडघ्याची कूर्चा वाचायला बसताना: नव्या रेसिडेंटसाठी

बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) रेडिऑलॉजीला लागलात की गुडघ्याचे एमआरआय वाट्याला येणारच. सत्तरी-पेडण्याकडच्या, भातलावणीत उमर गेलेल्या बायका येतात, आणि कागदावर एकच प्रश्न असतो: कार्टिलेज (हाडांच्या टोकांवरची कूर्चा) किती झिजलंय?

आधी उभं राहून काढलेला एक्स-रे मागा. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, दिसते ती हाडांमधली फट. आणि मेनिस्कस (सांध्यातली गादी) बाहेर सरकला तरी ती फट अरुंद होते. एमआरआयचा उपयोग इथे. फट पार बुजलेली असेल तर मात्र सांधा बदलायचं बहुधा एक्स-रे आणि दुखणं बघूनच ठरतं. एमआरआय म्हणजे उगाच खर्च.

पीडी फॅट-सॅट (चरबीचा सिग्नल दाबून काढलेला प्रोटॉन-डेन्सिटी सीक्वेन्स) हा आपला रोजचा भाकरतुकडा. त्यात पाणी पांढरं, कूर्चा राखाडी, खालच्या हाडाची कड काळी. राखाडी पट्ट्यात पांढरं घुसलेलं दिसलं की तिथे चीर किंवा खड्डा. वाटी आणि ट्रॉक्लिया (वाटी सरकते ती मांडीच्या हाडातली खोबण) अ‍ॅक्शिअलमध्ये, म्हणजे आडव्या कापांत, बघा. कॉन्डाइल (मांडीच्या हाडाचं गोल टोक) मागे वळतो तिथे कोरोनल (समोरून पाहिलेला) काप तिरका जातो आणि धडधाकट कूर्चाही पुसट दिसते. सॅजिटल (बाजूने पाहिलेले) काप पाहिल्याशिवाय ग्रेड देऊ नका. मॅजिक अँगल तर नव्या माणसाला हमखास फसवतो. कोलॅजनचे तंतू मुख्य चुंबकीय क्षेत्राशी ५५ अंशांच्या आसपास आले की कमी टीईच्या (इको टाइम, म्हणजे सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ) सीक्वेन्समध्ये कूर्चा विनाकारण उजळते. तो उजळपणा जास्त टीईच्या टी२ सीक्वेन्समध्ये मावळला, तर तो आजार नव्हे.

सुधारित आउटरब्रिज या कूर्चेच्या झिजेच्या प्रतवारीत अर्ध्या जाडीच्या आत झीज असेल तर ग्रेड २, त्यापुढे ३, हाड उघडं पडलं की ४. पण नुसता आकडा ऑर्थोवाल्यांच्या काही कामाचा नाही. ‘मीडिअल फीमोरल कॉन्डाइल, वजन पेलणारा भाग, ग्रेड ३, १२ × ८ मिमी, खाली मॅरो एडिमा’ असं लिहा.

मॅरो एडिमाचा (हाडाच्या मगजातल्या सुजेचा) उल्लेख मुद्दाम केला. कूर्चेला चेतातंतू नसतात. दुखतं ते बरंचसं खालचं हाड आणि सायनोव्हियम (सांध्याचं अस्तर). उतारवयात मेनिस्कस फाटलेला असूनही न दुखणारे गुडघे पुष्कळ, तेव्हा फाटलेला मेनिस्कस दिसला की दुखण्याचं खापर लगेच त्याच्यावर फोडू नका.

थिसिसला हाच विषय घेणार असाल तर २०११ची मोआक्स ही एमआरआयवर गुडघ्याच्या झिजेला गुण देण्याची पद्धत वाचा. तीत कूर्चेसाठी सांध्याचे १४ भाग पाडलेले आहेत. टी२ मॅपिंगचा (कूर्चेचा टी२ आकड्यांत मोजण्याचा) मोह नंतर.