गुलाब-चंदनाचं अत्तर जुळवताना या चुका टाळा

गुलाब आणि चंदन ही जोडी सोपी वाटते, कारण दोन्ही वास ओळखीचे. फसगत होते ती त्यांच्या वेगामुळे. कुपी उघडल्याबरोबर गुलाब नाकात भरतो. चंदन जड, सावकाश उडणारं. ते उशिरा पुढे येतं आणि मग तासन्‌तास जागचं हलत नाही. पहिल्या पाच मिनिटांत निकाल लावायचा, मग एक थेंब याचा, एक थेंब त्याचा असं करत बसायचं, यात बहुतेक मिश्रणं वाया जातात.

कुपीत नक्की काय आहे?

गुलाबाचं तेल म्हणून तीन वेगळ्या गोष्टी मिळतात. वाफेवर काढलेलं तेल म्हणजे ओटो, द्रावक वापरून काढलेलं अ‍ॅब्सोल्यूट आणि साध्या तेलात पाकळ्या मुरवून केलेलं तेल. तिसरं अंगाला लावायला ठीक, अत्तराला उपयोगाचं नाही. उरलेल्या दोघांतही मोठा फरक आहे. गुलाबाच्या मऊ, गोड वासातलं फिनाइल इथाइल अल्कोहोल पाण्यात विरघळतं, त्यामुळे वाफेवर तेल काढताना त्यातलं बरंचसं गुलाबपाण्यातच जातं. अ‍ॅब्सोल्यूटमध्ये मात्र ते निम्म्याहून जास्त असतं. म्हणून अ‍ॅब्सोल्यूटसाठी लिहिलेली कृती ओटोला जशीच्या तशी लावली की वास तिखट आणि हिरवट येतो आणि दोष चंदनाच्या माथी जातो.

एक किलो ओटोला तीन ते चार हजार किलो फुलं लागतात. तेव्हा ‘शुद्ध गुलाब’ फारच स्वस्तात मिळत असेल, तर त्यात रोशा गवताचं किंवा जिरेनियमचं तेल असण्याची शक्यता मोठी. चंदनाच्या बाबतीत लेबलवरचं शास्त्रीय नाव बघा. सँटॅलम अल्बम म्हणजे आपलं भारतीय चंदन. त्यात अल्फा-सँटॅलॉल, म्हणजे चंदनाच्या वासातला मुख्य घटक, 41 ते 55 टक्के असावं, असं आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानक सांगतं. ऑस्ट्रेलियन सँटॅलम स्पिकॅटममध्ये ते बरंच कमी असतं, वासही कोरडा. आणि ‘वेस्ट इंडियन चंदन’ म्हणजे अ‍ॅमायरिस. त्याचा चंदनाशी नावापुरताच संबंध, झाड लिंबाच्या कुळातलं.

थेंब मोजणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. चंदनाचं तेल दाट, त्याचा थेंब वेगळ्या वजनाचा पडतो. ड्रॉपर बदलला की थेंबही बदलतो. वजनकाटा वापरा, 0.01 ग्रॅम दाखवणारा. शिवाय गुलाब थेट ओतू नका. आधी जोजोबाच्या तेलात, म्हणजे अत्तराच्या बेसच्या तेलात, त्याचं 10 टक्क्यांचं पातळ द्रावण करून ठेवा, म्हणजे हात चुकला तरी चूक दहापट लहान राहते.

सुरुवातीला 10 ग्रॅमच्या कुपीसाठी हे गुलाबाचं द्रावण 0.5 ग्रॅम, चंदन 0.8 ग्रॅम आणि जोजोबा 8.7 ग्रॅम घ्या. गुलाब इतका कमी कसा, असं वाटेल. पण चंदनाला पुढे यायला जागा द्यायची तर एवढाच बरा. दुसरं कारण सुरक्षिततेचं. गुलाबात नैसर्गिकरीत्या मिथाइल युजेनॉल नावाचं रसायन असतं आणि आयएफआरए या सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यावर मर्यादा घातली आहे. विक्रेत्याकडून त्या तेलाचं आयएफआरए प्रमाणपत्र मागा आणि त्यात दिलेली मर्यादा ओलांडू नका. नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक, हे गृहीत धरायचं नाही. दंडावर आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस बघा, मगच वापरा.

ओटो गोठलंय

गारठ्यात ओटोत पिसासारखे पातळ, पारदर्शक स्फटिक तरंगताना दिसतात. हे गुलाबातलं नैसर्गिक मेण, भेसळ नव्हे. उलट कडाक्याच्या थंडीतही अजिबात न गोठणारं ओटो असेल तर शंका घ्या. मेण विरघळायच्या आधी ओतलं, तर वरचा पातळ भाग मिश्रणात जातो आणि मेण कुपीतच उरतं. मग पुढच्या खेपेचा वास पहिल्याशी जुळत नाही. बंद कुपी कोमट पाण्यात ठेवा, हलकेच फिरवा, पूर्ण पातळ झाल्यावर मोजा. आच नको.

मुरायला वेळ न देणं

मिसळल्यावर लगेच वास घेऊन काही कळत नाही. कुपी काठोकाठ भरा. वर हवा राहिली की तेल लवकर खराब होतं. गडद काचेत, अंधारात तीन-चार आठवडे राहू द्या. नंतर कागदाच्या पट्टीवर आणि कातडीवर, दोन्हीकडे तपासा: दहा मिनिटांनी, तासाने, दुसर्‍या दिवशी सकाळी. मध्येमध्ये नाक थकतं. तेव्हा कॉफीच्या बिया हुंगत बसण्यापेक्षा मोकळ्या हवेत जाऊन या.

आता काही बिघडलेल्या कुप्या

चंदन येतच नाही? आधी दुसर्‍या कुणाला तरी वास घ्यायला द्या. काही माणसांना सँटॅलॉलचा वास जेमतेम येतो. तुम्ही त्यातले असलात, तर चंदन वाढवत नेऊन उपयोग नाही.

गुलाब तासाभरात गायब? ओटो वाढवू नका, त्याने सुरुवात तेवढी भडक होते. पुढच्या खेपेला द्रावण करताना थोडा ओटो कमी घेऊन त्या जागी अ‍ॅब्सोल्यूट घाला.

गढूळ झालंय? कोमट करून बघा. स्वच्छ झालं तर गुलाबाचं मेण किंवा गोठू लागलेला जोजोबा, काळजी नको. तळाशी थेंब वेगळे दिसले तर पाणी शिरलंय, बहुधा कुपी ओली होती किंवा कुणी ‘जास्त गुलाब’ म्हणून गुलाबपाणी घातलं. वरचं तेल अलगद काढून घ्या, तळाचं टाका.

खवट वास येतोय? बदामाचं किंवा तसलंच नाजूक तेल बेसला घेतलं असेल. ते दुरुस्त होत नाही, टाकून द्यावं लागतं. जोजोबा मुळात द्रवरूप मेण, तो सहसा खवट होत नाही. आणि कुपीला रबरी फुग्याचा ड्रॉपर लावून ठेवला असेल तर आधी तो काढा: तेलाच्या वाफेने रबर फुगतं, चिकट होतं आणि त्याचा वास अत्तरात उतरतो.