किचन अर्धवट टाकून कंपनी बुडाली तर

मी मॉड्युलर किचन आणि इंटिरिअरवाल्यांचे हिशेब लिहिते. त्यामुळे एखादी कंपनी डबघाईला आली की गिऱ्हाइकाच्या बरंच आधी मला वास लागतो. प्लायवाल्याची उधारी थकते, नव्या गिऱ्हाइकाच्या अ‍ॅडव्हान्समधून जुन्याच्या ट्रॉल्या येतात, सुतार दर आठवड्याला बदलतात. तेव्हा तोंड उघडायची मला मुभा नसते. कुलूप लागल्यावर काय करायचं, ते मात्र सांगता येतं.

आधी बिल काढा आणि पैसे नेमके कुणाला दिलेत ते बघा. बोर्डावरच्या नावाला अर्थ नाही. बऱ्याचदा बोर्ड मोठ्या ब्रँडचा असतो आणि बिल फाडलेलं असतं डीलरच्या फर्मने. बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कायदेशीर नाव आणि धंद्याचं स्वरूप फुकटात दिसतं. प्रोप्रायटर असेल तर फर्मचं देणं म्हणजे त्या माणसाचं वैयक्तिक देणं. भागीदारी असेल तर कुठल्याही एका भागीदाराकडून पूर्ण रक्कम मागता येते. प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) निघाली तर मात्र हात सहसा कंपनीच्या मालमत्तेपुरतेच पोचतात. तिची सद्यःस्थिती कंपनी मंत्रालयाच्या साइटवर कळते: चालू आहे, नाव काढून टाकलंय, की दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू आहे. पुढचा रस्ता यावरच ठरतो, म्हणून वकिलाकडे जायच्या आधी एवढं करून जा.

मग घराकडे वळा. नव्या सुताराला हात लावू देण्याआधी जे आहे त्याचे फोटो आणि व्हिडिओ काढा, उघड्या वायरिंगपासून न बसलेल्या शटरपर्यंत. उरलेलं काम किती आणि त्याला खर्च किती, हे दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडून किंवा आर्किटेक्टकडून सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. मजुरी न मिळालेला सुतार साइटवरचं सामान उचलायला येऊ शकतो. त्याच्यावर चिडून उपयोग नाही, तोही बुडालेलाच असतो. पण लेखी नोंद केल्याशिवाय एक बिजागरीही बाहेर जाऊ देऊ नका.

पैसे क्रेडिट कार्डाने भरले असतील तर आजच बँकेला लेखी कळवून चार्जबॅक, म्हणजे कार्डावरचा व्यवहार उलटवून पैसे परत, मागा. त्याची मुदत छोटी असते. कर्ज काढून काम केलं असेल तर कर्ज देणाऱ्यालाही कळवा, पण रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. फटका तुमच्या क्रेडिट स्कोअरला बसेल. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

कंपनीने दिलेलं दहा वर्षांच्या वॉरंटीचं कार्ड आता शोभेचं. चिमणी, हॉब (ओट्यात बसवलेली शेगडी), ड्रॉवरचे चॅनेल, बिजागऱ्या यांची उत्पादकाची वॉरंटी मात्र किचनवाला बुडाल्याने बुडत नाही. सिरीयल नंबर टिपा आणि थेट उत्पादकाकडे नोंद करा.

कंपनी नुसतीच गायब असेल, दिवाळखोरी कोर्टात पोचली नसेल, तर ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठल्याही शहरात असो. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंत फी नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद केली तरी चालतं, पण तेवढ्यावर थांबू नका.

एनसीएलटीने, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने, दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला की चित्र पालटतं. दिवाळखोरी कायद्याच्या कलम १४ खाली स्थगिती लागू होते आणि कंपनीविरुद्धचे दावे जागच्या जागी थांबतात, ग्राहक आयोगातलेही. आता पैसे मागायचे ते नेमलेल्या रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, म्हणजे या काळात कंपनीचा कारभार बघणाऱ्या माणसाकडे. त्याचं नाव, ईमेल आणि क्लेमची शेवटची तारीख वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनेत आणि आयबीबीआय या दिवाळखोरी नियामक मंडळाच्या साइटवर असते. अ‍ॅडव्हान्स देणाऱ्या ग्राहकाने ऑपरेशनल क्रेडिटर (माल किंवा सेवेच्या व्यवहारातला देणेकरी नव्हे, तर घेणेकरी) म्हणून फॉर्म बी भरावा. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अ‍ॅडव्हान्स देणाऱ्यालाही ऑपरेशनल क्रेडिटर मानलंय. फ्लॅट घेणाऱ्याला फायनान्शियल क्रेडिटरचा, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेसारखा, दर्जा आहे, किचन घेणाऱ्याला नाही. मालमत्ता विकायची वेळ आली तर बँका, कामगार, सरकार हे सगळे आपल्या पुढे, त्यामुळे हाती फार काही पडेल अशी आशा मी कुणाला दाखवत नाही. तरीही क्लेम भराच. न भरलेल्याचं नाव यादीतच नसतं.

एक गोष्ट लोक हमखास सोडतात. वर्कशॉपमध्ये तुमचे बॉक्स कापून, एज बँडिंग (कडांना पट्टी) करून उभे असतील. पाठीमागच्या प्लायवर पेन्सिलने फ्लॅट नंबर किंवा तुमच्या आडनावाचं स्टिकर असतं. डिलिव्हरीसाठी तयार झालेला, पैसे भरलेला आणि तुमच्या नावाने वेगळा काढलेला माल करारानुसार तुमच्या मालकीचा झाला असू शकतो. तसं असेल तर तो कंपनीची मालमत्ता म्हणून विकता येत नाही. तिच्या ताब्यात असलेली दुसऱ्याची वस्तू दिवाळखोरीच्या मालमत्तेत धरत नाहीत. म्हणून क्लेमसोबत वेगळं पत्र द्या: अमुक ऑर्डरचा माल माझा आहे, तो बाजूला ठेवा. सोबत ड्रॉइंग, पेमेंटच्या पावत्या, आणि सुपरवायझरने ‘मॅडम, माल रेडी’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेले फोटो जोडा. ते फोटो डिलीट केले नसतील तर सोन्याच्या भावाचे आहेत. पत्र लवकर गेलं पाहिजे, कारण वर्कशॉप भाड्याचं असेल तर घरमालकालाही जागा रिकामी हवी असते.

पोलिसांत जाण्याबद्दल सगळे विचारतात. धंदा बुडणं म्हणजे फसवणूक नव्हे. काम करायचंच नाही हे माहीत असून अ‍ॅडव्हान्स घेतला, हे दाखवता आलं तरच भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लागतं. बंद होण्याच्या आदल्या आठवड्यात घेतलेल्या अ‍ॅडव्हान्सच्या पावत्या इथे कामी येतात, आणि एकापेक्षा जास्त ग्राहकांच्या असल्या तर आणखी.

मालकाने परताव्याचा चेक दिला असेल तर तो लगेच भरा. वटला नाही तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. नोटीस पोचल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिनाभरात कोर्टात तक्रार. कंपनीला स्थगितीचं कवच मिळालं तरी चेकवर सही करणाऱ्या संचालकाला ते मिळत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे.