मोटरहोमच्या मागची शिडी प्रवासापूर्वी कशी बांधावी

मोटरहोमच्या, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, मागे टपावर चढण्यासाठी जी शिडी असते, तिचा वरचा भाग गाडीच्या भिंतीला कायमचा जडवलेला असतो. खालचा भाग एकतर आकड्यांवरून उचलून काढता येतो, नाहीतर बिजागरीवर दुमडून वर घेता येतो. काढता येणारा भाग गाडीच्या आत आडवा ठेवावा आणि सरकणार नाही असा अडकवावा. पुढचे विवेचन दुमडणाऱ्या शिडीविषयी आहे, कारण प्रवासात त्रास देते ती तीच.

दुमडण्याआधी भिंतीवरचा प्रत्येक आधार हाताने हलवून पाहावा. एखादा स्क्रू आवळताना नुसता फिरत राहिला, तर त्याला आणखी पीळ देऊ नये. तो काढून आतले लाकूड ओले किंवा कुजलेले नाही ना, याची खात्री करावी. लाकूड घट्ट असेल तर किंचित जाड स्क्रू घेऊन, आधाराच्या पट्टीखाली ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी मऊ, चिकट रबरी पट्टी) लावून तो पुन्हा बसवावा आणि कडेने गाडीच्या पृष्ठभागाला चालणारे सीलंट भरावे. सिलिकॉन मात्र वापरू नये. त्याचा थर एकदा बसला की पुढच्या वेळी त्यावर दुसरे काहीच नीट चिकटत नाही, आणि शिडीच्या स्क्रूतून भिंतीत शिरलेले पाणी बराच काळ बाहेरून दिसत नाही.

यानंतर खालचा भाग वर दुमडून त्याला अडकवून धरणारी खिट्टी पूर्ण आत जाईपर्यंत दाबावी.

खरे काम यापुढे आहे, आणि बहुतेक सल्ले इथेच चुकतात. कित्येक वर्षे मी दुमडलेला भाग आकडे असलेल्या ताणाच्या रबरी दोऱ्यांनी बांधत असे, कारण मला तसेच सांगितले गेले होते. एका खराब रस्त्यावर दोरीचा आकडा उडाला, हिसक्यांनी झिजलेली खिट्टी निसटली आणि खालचा भाग उघडून बंपरवर आपटत राहिला. मी थांबेपर्यंत बिजागरी वाकली होती. मागे जवळ कोणी दुचाकीस्वार नव्हता, एवढेच बरे. मागच्या चाकांच्या पलीकडे असलेला गाडीचा भाग खड्ड्यातून जाताना सर्वांत जास्त वरखाली होतो आणि शिडी नेमकी तिथेच असते. ताणणारी दोरी प्रत्येक हिसक्याला थोडी लांब होते, शिडीला हलायला जागा देते आणि तिला परत आदळवते. म्हणून शिडी बांधण्यासाठी ताणाची दोरी कधीही वापरू नये, असे माझे ठाम मत आहे.

रॅचेटच्या, म्हणजे दांडा मागेपुढे करून दात्यांवर आवळायच्या, पट्ट्याचा सल्लाही मला मान्य नाही. रॅचेटमुळे हाताचा जोर अनेक पटींनी वाढतो, शिडीच्या पोकळ ॲल्युमिनियमच्या नळ्यांना पोचे पडतात आणि भिंतीतले स्क्रू बाहेर ओढले जातात. साधारण २५ मिलिमीटर रुंदीचा, दाबाच्या बकलचा (कॅम बकल) पट्टा घ्यावा, ज्यात आपण हाताने ओढू तेवढाच ताण बसतो. पट्टा पॉलिएस्टरचा असावा, कारण नायलॉनचा पट्टा पावसात भिजला की लांबतो आणि सैल पडतो.

पट्टा कुठे बांधावा, हे तो कसला आहे याइतकेच महत्त्वाचे आहे. बिजागरीत थोडी ढिलाई असतेच. बिजागरीपाशी ती जेमतेम एखाद्या मिलिमीटरची असली, तरी दुमडलेल्या भागाच्या वरच्या टोकाशी तीच बोटभर होते. त्यामुळे बिजागरीजवळ कितीही आवळले तरी वरचे टोक खडखडत राहते. पट्टा वरच्या टोकाशीच बांधावा, आणि एका बाजूला बांधल्यास बिजागरीला पीळ बसतो म्हणून दोन्ही उभ्या नळ्यांना स्वतंत्र पट्टा घ्यावा. पट्टा स्थिर भागाच्या एखाद्या पायरीच्या लगेच वर येईल असा पाहावा, म्हणजे तो खाली घसरत नाही.

पट्टा आवळण्यापूर्वी दोन्ही भाग जिथे एकमेकांना टेकतात तिथे जाड रबरी नळीचे तुकडे लांबीत चिरून शिडीच्या नळ्यांवर चढवावेत आणि केबल टायने पक्के करावेत. मी आधी फोम लावत असे. तो दिवसभराच्या प्रवासात दबून जाई आणि सकाळी घट्ट असलेला पट्टा संध्याकाळी सैल सापडे. रबर घट्टच हवे. ते बसवल्यावर एका हाताने शिडी आत दाबून धरावी, दुसऱ्या हाताने पट्टा ओढावा आणि उरलेले टोक गुंडाळून अडकवावे, नाहीतर ते वाऱ्याने फडफडून गाडीचा रंग घासते. आता वरचे टोक धरून जोराने बाहेर खेचावे. शिडी हलली आणि गाडी जागीच राहिली, तर बांधणी पुन्हा करावी. पट्ट्याचे काम शिडी हलू न देणे एवढेच आहे; शिडी उघडू न देण्याचे काम खिट्टीचे आहे. खिट्टी झिजली असेल तर पट्ट्याच्या भरवशावर निघू नये, खिट्टी बदलावी.

दुमडलेल्या शिडीने मागचे दिवे, नंबरप्लेट, कॅमेरा किंवा आपत्कालीन खिडकी झाकली जात नाही, हे पाहून घ्यावे. तिच्यावर सायकल किंवा खुर्च्या टांगू नयेत.

साधारण अर्ध्या तासाने एकदा थांबून पट्टे पुन्हा ओढावेत, कारण नवे रबर थोडे दबतेच. रस्ता खराब लागला तर तो संपताच पुन्हा पाहावे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पट्टे काढून आत ठेवावेत, कारण उन्हाने त्यांचे धागे कमजोर होतात, आणि दुमडलेल्या भागाला कुलूप लावावे, म्हणजे कोणालाही टपावर सहज चढता येणार नाही.